पाहिलेलं का ऐकलेलं

मौलवीसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रौज्याच्या बाजारात एका माळिणीशी वांग्यांवरून हुज्जत घालत होते. भाव कधीच ठरला होता. वाद भावाचा नव्हता.

"लई ग्वाड वांगी हायेत," माळीण म्हणाली.

"तुम्ही खाल्ली?"

"म्या नाय खाल्ली. पर समदे म्हंत्यात."

"हौ. मग समद्यांना पाठवा. त्यांच्याकडून घेतो."

आणि रिकामी पिशवी घेऊन ते खरोखरच चालू लागले. माळिणीनं त्यांना हाक मारून परत बोलावलं, एक वांगं मोडून कच्चंच चावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बरी हायेत." मौलवीसाहेबांनी अर्धा शेर घेतली. 'बरी' ही साक्ष त्यांना पुरेशी होती.

मी नुकताच औरंगाबादेच्या बसमधून उतरलो होतो. सडक निजाम सरकारची, पक्की. बस मात्र कच्ची. दौलताबादच्या पुढं घाट लागला की उतारू खाली उतरायचे, बस एकटी वर चढायची आणि आपण तिच्यामागून लग्नाच्या वऱ्हाडासारखं चालायचं. वर पोचलं की सपाटी, गार वारा, तटबंदीचं एवढंसं गाव. खुलदाबादला तेव्हा सगळे रौजाच म्हणत. तिथल्या मदरशात खालच्या वर्गांना मराठी आणि हिशेब शिकवायला माझी बदली झाली होती, आणि ज्यांच्या माडीवर मला खोली मिळणार होती ते फारसीचे मुदर्रिस, म्हणजे शिक्षक, हेच, असं कुणीतरी बोटानं दाखवलं. मी ट्रंक खाली ठेवून आदाब केला आणि म्हणालो, "आपलं नाव फार ऐकलंय."

"ऐकलंय?" ते म्हणाले. "चला, आता पाहून घ्या."

उंच, किडकिडीत, शेरवानीचं वरचं बटण कायम तुटलेलं. दाढीला मेंदी. उजव्या कानाची पाळी डावीपेक्षा जरा लांब होती, आणि त्याचं कारण मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

दुसरा दिवस शुक्रवार, सुट्टीचा. मौलवीसाहेबांनी मला गाव दाखवायला नेलं. त्यांची एक रीत होती. जे स्वतः पाहिलेलं, ते सांगताना ते डोळ्याखाली बोट टेकवीत. जे ऐकलेलं, ते सांगताना कानाची पाळी धरीत आणि तोवर सोडीत नसत, जोवर ते कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून ऐकलं, ही सगळी साखळी सांगून होत नसे. बादशहाच्या उघड्या कबरीपाशी बोट डोळ्याखाली गेलं. "वर छत नाही. मातीत सब्जा लावलेला आहे. पाहिलेलं." एका दर्ग्याच्या अंगणात फरशीतून चांदी उगवायची म्हणतात, तिथं कान धरला, आणि सात जणांची नावं सांगून होईपर्यंत माझे पाय दुखायला लागले. गावाबाहेर आडव्या निजलेल्या मारुतीच्या देवळाशी आलो तर हा फारसीचा मौलवी बाहेर उभा राहून मला म्हणतो, "आत जा, दर्शन घ्या. निजलेले आहेत, पाहिलेलं आहे. का निजले ते मात्र ऐकलेलं."

रौज्यापासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे, हे तिकडं दूधपितं पोरही सांगतं. मौलवीसाहेबांनी त्याचाही माग काढला होता. कुणाला काकानं सांगितलं होतं, काकाला एका पखालवाल्यानं, पखालवाल्याला एका धनगरानं. धनगराची शेळी इकडून आत गेली आणि तिकडून बाहेर आली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? शेळीला विचारायचं राहिलं."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण ते गंमत करीत नव्हते. त्यांच्या धर्मविद्येत पैगंबरांचं एखादं वचन सांगायचं तर आधी सांगणाऱ्यांची पुरी साखळी सांगावी लागते. प्रत्येक सांगणारा, म्हणजे रावी, पारखून घ्यावा लागतो. एक रावी कच्चा निघाला की मागचं सगळं कच्चं. ती कसोटी या गृहस्थांनी मशिदीतून उचलून बाजारात, शाळेत, स्वयंपाकघरात आणली होती. बीबीजान, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडून सांगे, "सालन झालंय!" त्यावर हे विचारीत, "चाखलं का?" चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं यावर काय काय उत्तरं दिली, ती मी माडीवरून ऐकलेली आहेत. साखळी देऊ शकतो, पण देणार नाही.

एका वर्षी त्यांनी सगळ्या गावाचा रोष ओढवून घेतला. आभाळ भरलेलं होतं आणि ईदचा चंद्र कुणालाच दिसेना. तेवढ्यात एक कापडवाला पळत आला, मी खिडकीतून पाहिला म्हणाला. लोक शेवया काढायला घरोघरी निघालेसुद्धा. मौलवीसाहेबांनी काझींच्या समोर त्याला एकच प्रश्न केला: "चंद्र दिसला तेव्हा तुमच्या खिडकीतली चिंच त्याच्या कुठल्या बाजूला होती?" कापडवाला गडबडला. आधी उजव्या म्हणाला, मग डाव्या, मग म्हणाला चिंच दिसलीच नाही. काझींनी ईद पुढं ढकलली. सगळ्या गावाला एक उपास वाढला. दुसऱ्या दिवशी पोरं त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम पाय आपटत गेली. संध्याकाळच्या बसनं बातमी आली की शहरात ईद आजच झाली. लोक जाब विचारायला दारात आले, तर हे शांतपणे म्हणाले, "शहरानं पाहिला असेल. आपण नव्हता पाहिला." माझी चूक झाली, असं मात्र म्हणाले नाहीत. मला तेव्हा ते हट्टी वाटले. खरं सांगायचं तर चिडच आली.

एका जागेचा मात्र मला उलगडा होत नव्हता.

रौज्याहून आणखी वर, म्हैसमाळच्या डोंगराकडं जाणाऱ्या वाटेवर एक आडवं वळण आहे. तिथं दगडांची एक लांबट रास होती, वर हिरवी चादर. शेजारी एक झोपडी आणि झोपडीच्या सावलीत मातीचा मोठा रांजण, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. ही बीबीची कबर. फार जुन्या काळी एक बीबी या वाटेवर तहानलेल्यांना पाणी पाजायची, एका दुष्काळात स्वतःच्या वाट्याचं पाणी एका वाटसरूला देऊन ती इथंच गेली, अशी गोष्ट. म्हणून येणारा-जाणारा तिथं थांबून पाणी पिणार, आणि पिण्याआधी पहिला घोट दगडांवर ओतणार. रांजण भरायची काशाबाई. विधवा, पोरबाळ नाही, खालच्या विहिरीवरून दिवसाला आठ-दहा खेपा. लोक गूळ, जवारी, एखादं लुगडं बीबीला वाहायचे, त्यावर तिचं चालायचं. हिंदू बाई मुसलमान बीबीची सेवा करते यात तिकडं कुणाला काही विशेष वाटत नसे.

मौलवीसाहेब तिथून जाताना डोळ्याला हात लावीत नसत आणि कानालाही नाही. हात पाठीमागं बांधून, मान खाली घालून जात. पाणीसुद्धा पीत नसत. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पाय उचला मास्तर, ऊन चढतंय."

मग एके दिवशी बातमी आली की डोंगरावर मोठ्या साहेबलोकांसाठी बंगला होणार आणि त्यासाठी वरची वाट रुंद, सरळ करणार. सरळ म्हणजे वळण जाणार. बीबीचे दगड खडीत जाणार, झोपडीही जाणार. तेवढ्यात असंही कळलं, की जुन्या इमारतींच्या खात्याचे एक अफसर हैदराबादेहून दौऱ्यावर येताहेत आणि इथल्या जतन करायच्या जागांची फेहरिस्त करणार आहेत. त्या यादीत नाव लागलं, तर सडकेला वळावं लागेल.

काशाबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती मला मास्तर म्हणायची आणि अंगावरचा पदर दोन्ही हातांनी धरून बोलायची.

"मास्तर, तुमी त्यांच्याच घरी ऱ्हाता. जरा सांगा की. त्यो सायब कुनाचंबी ऐकत नाय म्हंत्यात, पर मौलवीसायबाचं समदीकडं नाव हाय. त्यांनी एकडाव व्हय म्हनलं, की झालं."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"नाय कशाला म्हंतील?" तिला खरोखरच नवल वाटलं. "मी जानार कुठं मंग? माज्या भावानं तर कवाच दार लावलंय."

मी तसाच घरी गेलो. मौलवीसाहेब ओसरीवर कागजीपुऱ्याच्या हातकागदावर बोरूनं ओळी आखत बसले होते. मी म्हणालो, एवढं एक 'हो' म्हणायला तुमचं काय जातं? त्यांनी बोरू पुसला, टोपी घातली आणि मला घेऊन परीतलावाच्या बांधावर गेले. उन्हं उतरली होती. तिथं बसून त्यांनी जे सांगितलं ते असं.

तरुणपणी ते साफ वेगळे होते. गोष्टी रंगवून सांगण्यात त्यांचा हात धरणारा रौज्यात कुणी नव्हता. बाहेरून पाहुणे आले की गाव दाखवायला यांनाच धाडीत. मग बरीच वर्षं गेली. एकदा कन्नड गावच्या बाजारात एका माणसानं त्यांना बीबीची गोष्ट सांगितली. इतकी सुंदर, की यांचे डोळे भरून आले. सहज कुतूहल म्हणून त्यांनी विचारलं, कुणाकडून ऐकली? त्यानं एक नाव सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, हे त्या नावाकडं गेले. त्यानं पुढचं नाव सांगितलं. त्या सुट्टीत ते चार गावं हिंडले. साखळी काशाबाईच्या नवऱ्यापाशी आली, नवऱ्याकडून त्याच्या सासऱ्यापाशी, आणि सासऱ्याकडून डाकबंगल्याच्या म्हाताऱ्या चौकीदारापाशी. चौकीदाराला दिसत नव्हतं, पण आवाज त्यानं बरोबर ओळखला.

"मी विचारलं, 'चाचा, ही बीबीची गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकली?' तर तो हसायला लागला. म्हणे, 'तुमच्याकडूनच की मियाँ. त्या हैदराबादच्या बेगमा आल्या होत्या, मी टोपली घेऊन मागं होतो, इसर गए क्या?'"

ते विसरले होते. साफ विसरले होते. बेगमा चालून कंटाळल्या होत्या, एकीनं राशीकडं बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि सडकवाल्यांनी उरलेले दगड रचून ठेवलेत असं सांगणं यांच्या जिवावर आलं. पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत चालता चालता त्यांनी बीबी जन्माला घातली, तिला दुष्काळात मारली आणि पुरलीसुद्धा.

"मास्तर, आपल्याच खोट्यावर मी रडलो होतो," ते म्हणाले. "त्या दिवसापासून कान धरलाय."

मघाचा राग गेला होता आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं, त्याला मी आजही दया म्हणणार नाही. मी विचारलं, "मग अफसराला काय सांगणार?"

"विचारल्यावर बघू," ते म्हणाले. आणि बांधावरून उठून चालू लागले.

अफसर आले ते उंच घोड्यावर, मागं दोन चपराशी. गोरेगोमटे, तरुण, बोलायला फार अदबशीर. सगळं गाव वळणावर जमलं होतं. काशाबाईनं रांजण राखेनं घासून लखलखीत केला होता आणि पितळी तांब्या घेऊन ती झोपडीच्या दाराशी उभी होती. अफसर घोड्यावरून उतरले, चादरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "मौलवीसाहेब, आपली तारीफ शहरापर्यंत आहे. ही कबर कुणाची? सनद द्या, कुणी कुणाकडून ऐकलं ती."

मौलवीसाहेबांनी कान धरला. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. सनद आहे तर! पहिलं नाव आलं, दुसरं आलं. काशाबाईच्या नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. त्याचा सासरा आला. चौकीदार आला.

"आणि चौकीदारानं?" अफसरांनी विचारलं.

"त्याच्या पुढचा रावी कच्चा आहे, हुजूर."

"कोण तो?"

मौलवीसाहेबांनी दुसराही कान धरला. मदरशात पोरांना उभं करतात तसे, दोन्ही कान धरून, पांढऱ्या दाढीचा तो माणूस साऱ्या गावासमोर उभा राहिला. "मी," ते म्हणाले. "या दगडांखाली दगडच आहेत."

मागून एक जण 'तौबा' पुटपुटला. मला काशाबाईकडं बघवेना. अफसरांनी कागदावर एक रेघ मारली, ती कशावर मारली ते सगळ्यांना कळलं. ते रिकिबीत पाय घालणार, तेवढ्यात मौलवीसाहेब म्हणाले, "हुजूर, ऐकलेलं झालं. पाहिलेलं विचारलं नाहीत."

अफसर थांबले.

मौलवीसाहेबांनी कान सोडले. डोळ्याखाली बोट ठेवलं. "बावीस वर्षं मी या वाटेनं जातो. हा रांजण एक दिवस रिकामा पाहिला नाही. दुष्काळातही नाही. गाढवांचा तांडा आला तर गाढवांनाही पाणी मिळालेलं पाहिलंय. या बाईच्या डोक्याला चुंबळीची खूण आहे, ती आपणही पाहू शकता. खालची विहीर सोडली तर या घाटात दुसरीकडं पाणी नाही. एवढं लिहा. याची साखळी लागत नाही, मी एकटा पुरा आहे."

अफसरांनी काशाबाईकडं वळून ओंजळ पुढं केली. तिनं तांब्या ओतला, अर्धं पाणी त्यांच्या बाहीवर सांडलं. ते प्याले, आणि घोड्यावर बसण्याआधी कागदावर आणखी काहीतरी लिहिलं.

पुढं सडक झाली. दगडांची रास खडीत गेली. पण रांजण आणि झोपडी होती तिथं राहिली, आणि सडक तेवढ्यापुरती वळली.

गावाचा राग पुष्कळ दिवस निवला नाही. बीबी काढून घेतली, असं लोक म्हणत. मौलवीसाहेब बाजारातून मान खाली घालून जात, आणि माळीणसुद्धा वांगी मुकाट्यानं मोजून देई. काशाबाईला तोंड कसं दाखवायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी मी त्यांना जवळजवळ ओढत वळणावर नेलं.

काशाबाई सडकेच्या कडेला सांडलेले चार-सहा दगड वेचून रचत होती. पहिल्याच जागी, जरा मागं सरकून.

"काशाबाई," मौलवीसाहेब म्हणाले. "मी सांगितलं ना, ते खोटं होतं. मी बनवलं होतं."

तिनं हातातला दगड नीट बसवला. "तुमी काय बनीवनार मौलवीसायब," ती म्हणाली. "येवडी गोष्ट बनीवता येती व्हय मानसाला? बीबीला पानी पाजायचं व्हतं. तिला तोंड नव्हतं, तिनं तुमचं घेतलं."

'पाहिलेलं का ऐकलेलं?' मी वाट बघत होतो. सगळ्या गावाला, कापडवाल्याला, स्वतःच्या बायकोला विचारलेला प्रश्न. त्यांनी तो विचारला नाही. ते रांजणापाशी गेले, तांब्या भरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथलं पाणी प्याले. पहिला घोट त्यांनी दगडांवर ओतला का, ते मला सांगता येणार नाही. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

ते गेले तेव्हा मी रौज्यातच होतो. तटाच्या आत, चिंचेखाली, त्यांना माती दिली. तीन मुठी माझ्या हातच्या आहेत. हे पाहिलेलं.

मग माझी बदली झाली. निजामशाही गेली, मी म्हातारा झालो. परवा कशी कोण जाणे, फार आठवण आली आणि एकटाच एस.टी.त बसून वर गेलो. आता घाटात कुणी उतरून चालत नाही. वळणावर झोपडीच्या जागी पत्र्याची शेड आहे, आणि दगडांची रास चांगली कमरेइतकी वाढली आहे, वर हिरवी चादर. एक तिशीचा माणूस रांजण भरत होता. काशाबाईच्या भावाचा नातू, असं तो म्हणाला. मी पूर्वी रौज्यात मास्तर होतो असं सांगितल्यावर त्यानं मला पेला भरून दिला.

"कुणाची कबर?" मी विचारलं.

"मौलवीबाबाची," तो म्हणाला. "लई सच्चा मानूस व्हता. जल्मात एकबी खोटं बोलला नाय. बीबीची सेवा करता करता हितंच ग्येला. जाताना सांगून ग्येला, म्हनं, हितला रांजन रिता ठिवू नका. पैला घोट त्याला द्यायचा, काका."

ते तिथं नाहीत. ते तटाच्या आत, चिंचेखाली आहेत. माझ्या मुठीतल्या मातीखाली. बीबीची सेवा त्यांनी एक दिवस केली नाही आणि रांजणाबद्दल मरताना काहीही बोलले नाहीत. शेवटचे तीन दिवस त्यांची शुद्धच हरपली होती. हे सगळं माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो होतो.

"तुमी रौज्यात व्हते म्हनता," तो म्हणाला. "मंग तुमी बघितलं असंल की बाबाला?"

रांजणाच्या पोटावर पाणी पाझरत होतं. मागं दोन बाया डोक्यावर मोळ्या घेऊन, तहानलेल्या उभ्या होत्या. मी पहिला घोट दगडांवर ओतला. माझा हात कधी कानाकडं गेला ते मला कळलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "ऐकलंय."